ग्रुपचा पेस आणि तुमची नडगी

पत्र भुसावळहून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई 39 वर्षांच्या, शाळेत शिक्षिका. दीड वर्षापूर्वी चालायला जाऊ लागल्या, चालता चालता धावू लागल्या आणि गेल्या जानेवारीत 10 किलोमीटरची शर्यत 1 तास 15 मिनिटांत पूर्ण केली. आता डिसेंबरमधली हाफ मॅरेथॉन, म्हणजे 21.1 किलोमीटरची शर्यत, डोळ्यांसमोर आहे. गावातल्या धावणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये त्या पहाटे जातात. त्यांच्या पत्रातला मुख्य भाग असा (पेस म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ; 5:40 म्हणजे 5 मिनिटं 40 सेकंद):

«ग्रुपवर रोज सगळ्यांचे स्क्रीनशॉट येतात. कुणी 12 किलोमीटर, कुणी 16, पेस 5:40, 5:50, आणि खाली लिहिलेलं असतं, "आज इझी रन". मी साडेसातच्या पेसने धावते, त्यामुळे माझं टाकायची लाज वाटते. मुंबईची फुल मॅरेथॉन धावलेल्या एका दादांनी त्यांचा प्लॅन दिला. तो मी जुलैपासून सुरू केला. आठवड्याला 18 किलोमीटर धावत होते, ते महिन्याभरात 38 वर गेले. आता डाव्या नडगीला आतल्या बाजूने दुखतं. सुरुवातीला दुखतं, मग थोडं कमी होतं, घरी आल्यावर पुन्हा ठणकतं. दमही फार लागतो. सासूबाई म्हणतात, गुडघे झिजतील, बस कर. दादा म्हणतात, सवय होईल, थांबू नका. मला 2 तास 15 मिनिटांत हाफ करायची आहे. जमेल का? की ग्रुपच सोडून एकटीने धावू?»

ताई, सप्रेम नमस्कार.

आधी पायाचं बोलू. बाकीचं सगळं त्यानंतर. उद्यापासून धावणं बंद ठेवा. दादांनी थांबू नका म्हटलं ते मनापासून म्हटलं असेल, पण नडगीच्या हाडाला सवय व्हायला जो वेळ लागतो तो तुम्ही त्याला दिलेला नाही. धावायला लागल्यावर दम लवकर सुधारतो, स्नायूही काही आठवड्यांत साथ देऊ लागतात. हाड मात्र सगळ्यांच्या मागून येतं, त्याला महिने लागतात. म्हणून छाती म्हणते चल, आणि नडगी म्हणते थांब. महिन्याभरात 18 चे 38 किलोमीटर म्हणजे दुपटीहून जास्त, तेही पावसाळ्यातल्या दमट हवेत आणि डांबरी रस्त्यावर. कोणाचीही नडगी तक्रार करेल.

आता घरी बसल्या एक तपासा. बोटाच्या टोकाने नडगीची आतली कड वरून खाली दाबत या. चार-पाच बोटं रुंदीच्या पट्ट्यात सगळीकडे हुळहुळत असेल, तर ती बहुतेक हाडावरच्या आवरणाची आणि तिथे जोडलेल्या स्नायूंची कुरकुर आहे, जिला धावणारे शिन स्प्लिंट म्हणतात. पण एकाच जागी, रुपयाच्या नाण्याएवढ्या भागात, दाबताच कळ जात असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल किंवा त्या एका पायावर उडी मारताना दुखत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. मग लगेच हाडांच्या डॉक्टरांकडे जा, आणि त्यांना "पाय दुखतो" एवढंच सांगू नका, किती आठवड्यांत किती किलोमीटर वाढवले ते आकड्यांत सांगा. असा तडा सुरुवातीच्या आठवड्यांत साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून दुसऱ्या दिवशी धावायला सुटू नका. आणि वेदनाशामक गोळी घेऊन तर अजिबात धावू नका. दुखणं दबतं, हाडावरचा भार तेवढाच राहतो. शिवाय घामाने शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना त्यातल्या बऱ्याच गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात.

तडा नसेल तर दोन-तीन आठवडे सायकल चालवा, जवळ सोय असेल तर पोहा. पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करायचा व्यायाम रोज करा, न दुखता जितका होईल तितकाच. भरभर अर्धा तास चालून दुसऱ्या दिवशीही काही दुखलं नाही, की मग धावण्याकडे वळा: दोन मिनिटं धाव, दोन मिनिटं चाल. अमेरिकेतले जेफ गॅलोवे यांनी ही धाव-चाल पद्धत जगभर लोकप्रिय केली आणि त्या पद्धतीने हजारो लोकांनी पूर्ण मॅरेथॉनही पार केल्या आहेत. त्यात कमीपणा काही नाही.

आणखी एक. तुम्ही लिहिलंय की यावल रस्त्याने तापीच्या पुलाकडे जाता आणि समोरून येणारी वाहनं दिसावीत म्हणून उजव्या कडेने धावता. सुरक्षेसाठी ते बरोबरच आहे. पण आपले रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते असतात, पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून. रोज एकाच कडेने धावलं की एक पाय कायम वरच्या अंगाला आणि दुसरा खालच्या अंगाला पडतो. आठवड्यातले दोन-तीन दिवस तरी मैदानाच्या मातीवर किंवा रेल्वे कॉलनीतल्या सपाट, वर्दळ नसलेल्या रस्त्यांवर धावा. मैदानात फेऱ्या मारताना दिशाही बदलत जा.

आता ग्रुपबद्दल. सोडू नका. भुसावळसारख्या गावात पहाटे पाचला, अंधारात, केळीच्या ट्रका आणि मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या जाणाऱ्या रस्त्यावर बाईमाणसाने एकटीने धावण्यापेक्षा चार माणसांसोबत धावणं कधीही चांगलं. ग्रुपमुळेच तुम्ही पावसातही उठलात, हेही तुम्हीच लिहिलं आहे. मला काळजी वाटते ती तिथे येणाऱ्या अर्धवट माहितीची. 5:40 चा स्क्रीनशॉट येतो, पण त्या माणसाची सहा-आठ वर्षं त्यात दिसत नाहीत. तो कॉलेजात धावत होता का, रात्री किती तास झोपला, घरी परतल्यावर त्याला डबे भरायचे होते का, मागच्या वर्षी त्याची पोटरी धरली होती का, यातलं काहीच त्या चौकोनात मावत नाही. तुम्ही मात्र त्या आकड्याशी तुमच्या सगळ्या दिवसाची तुलना करता.

म्हणून ग्रुपवर विचारायचे प्रश्न बदला. "दादा, कितला टाइम लागला?" हे सगळेच विचारतात. तुम्ही दादांना विचारा, की पहिल्या हाफच्या आधी तुम्ही आठवड्याला किती धावत होता? पहिल्या वर्षी कुठे दुखलं? मुंबईत कोणत्या किलोमीटरनंतर जड गेलं आणि त्याआधी काय चुकलं होतं? अनुभवी धावणाऱ्यांकडे खरं सोनं इथे असतं, आणि विचारलं की ते भरभरून सांगतात. दादा मुंबईची मॅरेथॉन धावले आहेत. तिथली दमट हवा आणि पेडर रोडचा चढ त्यांच्याकडून जसा कळेल तसा कुठल्याही तक्त्यातून कळणार नाही. पण त्यांचा प्लॅन हा 42.195 किलोमीटरचा आणि त्यांच्या पायांचा आहे. तो अर्धा केला की तुमचा होत नाही.

आणि तुमचं टाकत जा. लाजू नका. अंतर, वेळ, हवा कशी होती, झोप किती झाली, कुठे दुखलं, एवढं दोन ओळींत लिहा. तुमच्या ग्रुपमध्ये साडेसात-आठच्या पेसने धावणाऱ्या आणखी बायका आणि पन्नाशीचे काका नक्की आहेत. ते गप्प आहेत, म्हणून सगळा ग्रुप 5:40 ने धावतो असं तुम्हाला वाटतं. तुम्ही लिहिलंत की त्यातले दोघे-तिघे तरी तुमच्या बरोबरीने धावायला येतील, आणि लाँग रनला, म्हणजे आठवड्यातल्या सगळ्यात लांब धावेला, तुम्हाला तेच हवं आहे.

"इझी" या शब्दाखाली जे चाललंय त्याबद्दल मात्र मी स्पष्ट बोलणार आहे, कारण तुमच्या नडगीचं मूळ बऱ्याच अंशी तिथे आहे. तुमची 10 किलोमीटरच्या शर्यतीतली गती साडेसातची. म्हणजे जीव तोडून धावताना साडेसात. आणि रोजच्या सरावात, पत्रात पुढे लिहिलंय तसं, ग्रुपच्या मागे पडू नये म्हणून तुम्ही पावणेसातने चार-पाच किलोमीटर रेटता आणि मग चालत येता. असं दर सकाळी शर्यत धावून कुणी टिकत नाही. आठवड्यातलं बहुतेक धावणं असं हवं की शेजारच्या बाईशी पूर्ण वाक्यांत बोलता येईल. तुमच्यासाठी आज ती गती साडेआठ-नऊची असेल. केनियाचा मॅरेथॉनपटू एलियुड किपचोगे 2019 साली व्हिएन्नामध्ये 1 तास 59 मिनिटं 40 सेकंदांत मॅरेथॉनचं अंतर धावला, म्हणजे किलोमीटरला साधारण 2:50. केनियातले हे धावपटू त्यांच्या हलक्या दिवशी शर्यतीच्या गतीपेक्षा किती तरी सावकाश धावतात, एकमेकांशी गप्पा मारत. तुम्ही हळू धावता तेव्हा तुम्ही कमी मेहनत करत नसता. हृदय मोठं काम शिकत असतं, बारीक रक्तवाहिन्या वाढत असतात, आणि हाडाला तेवढी सवड मिळते.

यात खान्देशची हवा धरायलाच हवी. बाहेरून उतरवलेले बहुतेक प्लॅन थंड देशांतल्या ऋतूंवर बेतलेले असतात, आपलं वर्ष उलटं चालतं. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 च्या आसपास जातो, तेव्हा कोणी काही वाढवायचं नसतं, फक्त पाय चालू ठेवायचे असतात. डिसेंबरच्या शर्यतीची मुख्य तयारी नेमकी भाद्रपदातल्या उकाड्यात आणि ऑक्टोबर हीटमध्ये येते. उष्णतेत शरीर बरंचसं रक्त अंग गार करायला कातडीकडे वळवतं, त्यामुळे त्याच गतीला हृदयाचे ठोके जास्त पडतात. एप्रिलमधली आपली हवा कोरडी असते, घाम जागच्या जागी उडतो, कळतही नाही. घरी आल्यावर टी-शर्टवर मिठाचे पांढरे ओघळ दिसतात तेव्हा समजतं. आत्ता सप्टेंबरमध्ये उलट, घाम अंगावर निथळतो पण वाळत नाही, आणि न वाळलेला घाम अंग गार करत नाही. म्हणून पुन्हा धावायला लागाल तेव्हा घड्याळातल्या पेसकडे पाहूच नका, श्वासाकडे पाहा. दहा-पंधरा दिवस सातत्याने उकाड्यात हळू धावलं की शरीर जुळवून घेतं, आणि नोव्हेंबरात पहाट गार पडायला लागली की त्याच श्रमात तुमची गती आपोआप सुधारलेली दिसेल. ते आठवडे खान्देशात धावायला फार सुंदर असतात. त्यांची वाट पाहा.

पाण्याचं एवढंच, की एखाद्या दिवशी धावण्याआधी आणि नंतर घाम पुसून वजन करा. एक किलो कमी भरलं तर साधारण एक लिटर घाम गेला. यातून तुमचा अंदाज तुम्हाला येईल. तहान लागेल तसं प्या. भीतीपोटी नुसतं पाणी लिटरच्या लिटर ढोसणंही धोक्याचं, रक्तातलं मीठ पातळ होतं. तासाभरापेक्षा जास्त धावणार असाल तर मीठ-साखरेचं लिंबू सरबत सोबत ठेवा. आणि सोबतचं कुणी उन्हात धावताना अडखळायला लागलं, असंबद्ध बोलायला लागलं, तर "थोडं बसा" म्हणून सोडून देऊ नका. तो उष्माघात असू शकतो. सावलीत घ्या, मिळेल त्या गार पाण्याने अंग भिजवत राहा, वारा घाला, आणि ते करता करताच रुग्णवाहिका बोलवा. ही गोष्ट ग्रुपमधल्या प्रत्येकाला माहीत असायला हवी.

दम फार लागतो असं लिहिलंय. काही वाटा चुकीच्या गतीचा आणि हवेचा असेल. पण आपल्याकडे बायकांमध्ये रक्त कमी असणं इतकं सर्रास आहे की मी ते गृहीत धरूनच पुढे जाते. हिमोग्लोबिन तपासा, आणि सोबत फेरिटिनही तपासून घ्या. शरीरातला लोहाचा साठा त्यातून कळतो. हिमोग्लोबिन ठीक असूनही साठा रिकामा असू शकतो आणि धावताना पाय शिशासारखे होतात. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर डॉक्टरांना संकोच न करता सांगा. पाळी अनियमित झाली असेल किंवा थांबली असेल तर तेही सांगा, कारण खाणं कमी आणि धावणं जास्त झालं की आधी पाळी बिघडते आणि पाठोपाठ हाडं कमकुवत होतात. नडगी दुखत असताना हा प्रश्न बाजूला ठेवायचा नाही. लोहाची गोळी मात्र रिपोर्ट पाहून, डॉक्टरांनी सांगितली तरच घ्या, आणि चहाबरोबर घेऊ नका.

वजन कमी करायला रात्रीचं जेवण सोडल्याचं तुम्ही जाता जाता एका ओळीत लिहिलंय. ते लगेच बंद करा. दादर ज्वारीची भाकरी, वरण, उडदाची डाळ, दही, अंडी चालत असतील तर अंडी, सगळं नीट खा. लाँग रनच्या आदल्या रात्री तेवढी झणझणीत शेवभाजी नको, खिचडी किंवा वरण-भात बरा. हिवाळ्यात शनिवारी रात्री शेतात भरीत-पार्टीचं आमंत्रण येणारच. बामणोदची वांगी, वर तेल आणि हिरव्या मिरच्या, मोह मला कळतो. पण ती पार्टी रविवारी दुपारी ठेवायला सांगा. सकाळी निघण्याआधी केळं खा. मध्यम आकाराच्या केळ्यात साधारण 25 ग्रॅम कर्बोदकं असतात आणि आपल्या भागात ते ताजं, स्वस्त मिळतं. दीड तासाहून लांब धावायचं असेल तर वाटेतही अर्ध-अर्ध केळं खाऊन पाहा. शर्यतीच्या दिवशी नवं काही पोटात जायला नको, म्हणून हे आधीच्या रविवारांना करून बघायचं.

सासूबाईंना त्यांच्या गुडघ्यांच्या अनुभवावरून भीती वाटते, ती खोटी नाही. त्यांना सांगा, 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात हौशी धावणाऱ्यांमध्ये गुडघा-खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण 3.5 टक्के आढळलं, बैठं आयुष्य जगणाऱ्यांमध्ये 10 टक्क्यांच्या वर. स्पर्धेसाठी वर्षानुवर्षं प्रचंड धावणाऱ्यांमध्ये मात्र ते 13 टक्क्यांच्या पुढे होतं. म्हणजे बेताने धावण्याला घाबरायचं कारण नाही. शक्य असेल तर सासूबाईंना एखाद्या संध्याकाळी मैदानावर सोबत चालायला न्या. घरातल्या माणसाने आपल्याला धावताना एकदा पाहिलं की बोलणं बदलतं, असा माझा अनुभव आहे.

आता 2 तास 15 मिनिटं. या डिसेंबरात जमणार नाही, ताई. पीटर रीगल नावाच्या अमेरिकी अभियंत्याने 1977 साली एका अंतराच्या वेळेवरून दुसऱ्या अंतराचा अंदाज काढायचं सूत्र मांडलं, आजही धावणारे ते वापरतात. त्यानुसार 10 किलोमीटरला 1:15 लागत असतील तर हाफला साधारण 2:45 लागतात, तेही तयारी पूर्ण झाली असेल तर. 2:15 साठी किलोमीटरला 6:24 ची गती सलग 21 किलोमीटर टिकवावी लागते, आणि तुमची 10 किलोमीटरची शर्यतही अजून त्या गतीची नाही. पहिल्या हाफचं लक्ष्य मी तुमच्यासाठी 2:50 ठेवते. कटऑफ, म्हणजे शर्यत संपवायची शेवटची मुदत, साधारण तीन-साडेतीन तासांचा असतो, नोंदणी करताना तो पाहून घ्या.

आजपासून शर्यतीपर्यंत साधारण चौदा आठवडे आहेत. पहिले तीन पायासाठी. पुढचे दोन धाव-चाल, आठवड्याला 15 किलोमीटरच्या आत. मग हळूहळू वाढ, दर चौथ्या आठवड्याला कमी, आणि लाँग रन 17-18 पर्यंत गेला की पुरे. शेवटचे दहा-बारा दिवस पुन्हा हलके. दसऱ्या-दिवाळीची साफसफाई, फराळ यात तीन-चार दिवस बुडतील. ते बुडू द्या, भरून काढायला जाऊ नका. ऑक्टोबर संपेपर्यंत 10 किलोमीटर न दुखता होत नसतील, तर नोंदणी 10 किलोमीटरच्या गटात करा आणि हाफ पुढच्या वर्षी. हे आजच ठरवून ठेवा, म्हणजे ऐनवेळी ग्रुपमध्ये कुणी काही म्हटलं तरी डळमळायला होणार नाही.

शर्यतीच्या सकाळी 2:50 चा पेसर, म्हणजे ठरलेल्या वेळेत शर्यत संपेल अशा गतीने पुढे धावणारा माणूस, असेल तर त्याच्या मागे राहा. नसेल तर पहिले 5 किलोमीटर 41 मिनिटांच्या आत संपवू नका. ढोल वाजत असतील, सगळे सुसाट निघतील, दादा तर केव्हाच दिसेनासे होतील, जाऊ द्या. घड्याळात 21.1 किलोमीटर झाल्यावरही कमान दोन-तीनशे मीटर पुढे दिसेल. त्याने घाबरू नका, मार्ग सगळ्यात आखूड रेषेने मोजलेला असतो आणि आपण वळणांवर बाहेरून धावतो. पाण्याच्या टेबलाशी थांबून, चालत चालत दोन-चार घोट प्या आणि मग पुन्हा धावायला लागा. डॉक्टरांनी पायाबद्दल काय सांगितलं आणि फेरिटिन किती आलं, ते मात्र शर्यतीच्या कितीतरी आधी, याच महिन्यात मला कळवा.